शेअर किती वर्षांच्या मक्त्याला पडला?

आमच्याकडं शेत विकायला निघालं की घेणारा माणूस पहिला प्रश्न भावाचा विचारतच नाही, एकरी किती म्हणायलेत ते सगळ्या गावाला आधीच माहीत असतं. तो विचारतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, मागच्या तीन-चार सालात सोयाबीन एकरी किती क्विंटल निघालं, आणि मक्त्यानं, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन दुसऱ्याला कसायला, दिलं तर वर्षाचे किती येतील. काही भागात मक्ता म्हणतात, काही भागात ठोका, पण हिशेब तोच. समजा एकराला १० लाख मागायलेत आणि मक्ता येतो वर्षाला २० हजार. म्हणजे ५० वर्षांचा मक्ता आजच एकरकमी मोजून द्यायचा. हा जो ५० आकडा आला ना, शेअर बाजारात त्यालाच पीई म्हणतात, बस. आपल्या लोकांना हे गणित पिढ्यान् पिढ्या येतं, फक्त मोबाईलवर शेअरचं ॲप उघडलं की ते विसरून जातात, आणि मला ह्याचंच फार वाईट वाटतं म्हणून हे सगळं लिहायलोय.

पीई म्हणजे प्राइस टू अर्निंग्ज. वर शेअरचा भाव, खाली एका शेअरच्या वाट्याला आलेला वर्षाचा नफा. ह्या खालच्या आकड्याला ईपीएस म्हणतात, कंपनीचा सगळा खर्च, व्याज, टॅक्स जाऊन जो निव्वळ नफा उरतो त्याला एकूण शेअरच्या संख्येनं भागलं की तो निघतो. शेअर ३०० रुपयाचा आणि ईपीएस १५ असेल तर पीई २०. हेच उलटं करून बघा, १५ ला ३०० नं भागा, ५ टक्के येतात. आता हे ५ टक्के बँकेच्या एफडीशेजारी ठेवता येतात. फक्त दोन फरक ध्यानात ठेवायचे, एक म्हणजे एफडीचं व्याज ठरलेलं असतं पण कंपनीचा नफा वाढूही शकतो आणि बुडूही शकतो, आणि दुसरं म्हणजे तो सगळा नफा तुमच्या खात्यात येत नाही, थोडा डिव्हिडंड म्हणून येतो आणि बाकीचा कंपनी धंद्यातच घालते.

मी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितो. माझ्या पुतण्यानं डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, काढलंय आणि तो दुपारी डबा खायला आला की मोबाईल पुढं धरतो. एक दिवस म्हणला, “काका, हा शेअर आठ रुपयाला मिळायलाय, हजार घेऊन टाकू का? दहाचा झाला तरी दोन हजार सुटतील.” मी विचारलं, आठच रुपये कामून आहे? तर म्हणला, स्वस्त आहे म्हणून. हा गैरसमज इतका पसरलाय की त्याच्यावर जरा थांबून बोलायलाच पाहिजे.

१३ जून २०२३ ला एमआरएफ ह्या टायर कंपनीचा शेअर १ लाख रुपयांच्या वर गेला, सगळ्या पेपरात बातमी होती. त्याच दिवसांत व्होडाफोन आयडियाचा शेअर सात-आठ रुपयाला होता. आता शेअर मोजा. एमआरएफचे एकूण शेअर आहेत फक्त ४२ लाखांच्या आसपास, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत झाली ४२ हजार कोटी. व्होडाफोन आयडियाचे तेव्हा शेअर होते ४,८६८ कोटी, म्हणजे सात-आठ रुपयाच्या भावानं तिची किंमत येते ३४ ते ३९ हजार कोटींच्या मधात. एक शेअर लाखाचा, एक आठ रुपयाचा, आणि दोन्ही कंपन्या बाजारानं जवळपास सारख्याच किमतीच्या धरल्या होत्या! पोळी एकच, कुणी तिचे चार तुकडे केले, कुणी चाळीस. म्हणून एका तुकड्याच्या भावावरून महाग-स्वस्त कळतच नाही. ते कळायला खालचा आकडा लागतो, आणि खाली बघितलं तर एमआरएफला २०२२-२३ मध्ये ७६९ कोटींचा नफा होता आणि व्होडाफोन आयडियाला २९ हजार कोटींच्या वर तोटा. तोट्यातल्या कंपनीचा पीई निघतच नाही, ॲपवर तिथं आडवी रेघ दिसते. ती रेघ दिसली की निदान थांबून विचारायचं, मी नेमका कशाचा मक्ता भरायलोय?

एमआरएफचंच पुढं बघा, कारण मजा पुढंच आहे. त्या वर्षीचा ईपीएस १,८१३ च्या आसपास होता, म्हणजे १ लाख भावाला पीई झाला ५५. महागच म्हणायचा. मग पुढच्या वर्षात रबर आणि बाकीचा कच्चा माल तुलनेनं स्वस्त पडला, टायरच्या धंद्यात खर्चाचा मोठा भाग तोच असतो, त्यामुळं २०२३-२४ चा नफा गेला २,०८१ कोटींवर आणि ईपीएस ४,९०० च्या वर. मे २०२४ मध्ये हा निकाल आला तेव्हा भाव १ लाख ३० हजारांच्या आसपास होता. भागून बघा, पीई येतो २६-२७. म्हणजे भाव चढला आणि पीई निम्म्यावर आला! शेअर वाढून स्वस्त झाला, हे वाक्य ऐकायला उलटं वाटतं पण हिशेब समोर आहे. सगळ्यांचं ध्यान वरच्या आकड्यावर असतं कारण तो दर मिनिटाला हलतो, खालचा आकडा तीन महिन्यातून एकदा हलतो, कंपनीचा तिमाही निकाल आला की, पण खरा कौल तोच देतो.

मग जास्त पीईचा शेअर घ्यायचाच नाही का? असं नाही. समृद्धी महामार्गाची आखणी झाली तेव्हा जालना आणि संभाजीनगरकडं इंटरचेंजजवळच्या जमिनीला लोक जो भाव द्यायला तयार होते तो काय त्या जमिनीतल्या कापसाकडं बघून? नाही, ते पुढचं बघायले होते. शेअरचंही तसंच, ५० पीई देणारा माणूस म्हणत असतो की आजचा नफा बघू नका, हा नफा पुढं खूप वाढणार आहे. म्हणणं बरोबर असू शकतं. पण किती वाढला म्हणजे पुरेल, हे वहीवर मांडून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात.

मांडू आपण. शेअर ५०० चा, ईपीएस १०, पीई ५०. नफा दर वर्षी २० टक्क्यानं वाढला, आणि पाच वर्षं सलग २० टक्के वाढणं ही काही सोपी गोष्ट नाही, तरी वाढला असं धरू. पाच वर्षांनी ईपीएस होतो २४.९. तोवर कंपनी मोठी झाली, वाढीचा वेग मंदावणार असं लोकांना वाटायला लागलं आणि बाजारानं २५ च पीई द्यायचं ठरवलं, तर भाव किती? ६२२. पाच वर्षांत ५०० चे ६२२, म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. कंपनी अडीच पट झाली आणि तुमच्या हातात एफडीएवढंही आलं नाही. आता दुसरा शेअर, भाव १२०, ईपीएस १०, पीई १२, वाढ फक्त ८ टक्के, एकदम साधी कंपनी. पाच वर्षांनी ईपीएस १४.७, पीई तोच १२ राहिला तरी भाव १७६, म्हणजे वर्षाला ८ टक्के, वर डिव्हिडंड असेल तो वेगळा. कंपनी चांगली असणं आणि तिचा भाव चांगला असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ह्या हिशेबाइतकं दुसऱ्या कशानंच पटलं नव्हतं.

ह्याचा मोठा दाखला अमेरिकेतली सिस्को. मार्च २००० मध्ये शेअर ८० डॉलरच्या आसपास, पीई १०० च्या कितीतरी वर. २००२ मध्ये तोच शेअर १० डॉलरच्या खाली गेला. कंपनी खोटी नव्हती, इंटरनेटची यंत्रं ती खरंच विकत होती, आजही विकते. लोकांनी फक्त लई वर्षांचा मक्ता आधीच भरून टाकला होता.

आता कमी पीईकडं येतो, आणि मला विचाराल तर जास्त माणसं इथंच फसतात, कारण जास्त पीईला माणूस निदान घाबरतो तरी. पीई ४ दिसला की वाटतं सापडलं घबाड.

ज्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यात घर बांधायला काढलं होतं त्यांना सळईचा भाव आठवत असेल. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणारी सळई असो की मोठ्या कंपनीचं पोलाद, सगळंच चढलं होतं. टाटा स्टीलला २०२१-२२ मध्ये ४१ हजार कोटींच्या वर नफा झाला. मे २०२२ मध्ये शेअरचा पीई ४ च्या आसपास होता, म्हणजे चार वर्षांच्या नफ्यात अख्खी कंपनी वसूल. कुणालाही स्वस्त वाटेल. पण त्याच मे महिन्यात सरकारनं पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, जे पुढं नोव्हेंबरमध्ये काढलं, जगभरातले भावही उतरले, आणि २०२२-२३ चा नफा आला ८ हजार कोटींवर. २०२३-२४ मध्ये तर इंग्लंडमधल्या कारखान्याच्या फेररचनेचा खर्च धरून सुमारे ४,९०० कोटींचा तोटा. चार वर्षांत वसूल होणारी कंपनी दोन वर्षांत तोट्यात!

पण गंमत इथं संपत नाही. मधे कंपनीनं एका शेअरचे दहा तुकडे केले होते, तो हिशेब लावला तर मे २०२२ च्या निकालाच्या वेळचा भाव येतो १२७ च्या आसपास, आणि मार्च २०२४ मध्ये, त्या तोट्याच्या वर्षाच्या शेवटी, भाव होता १५० च्या वर. पीई स्वस्त म्हणत होता तेव्हा नफा शिगेला होता, आणि पीईची रेघ झाली तेव्हा बाजार पुढच्या बऱ्या दिवसांचा भाव लावत होता. पोलाद, साखर, सिमेंट, रसायनं, असल्या चढउताराच्या धंद्यात एका वर्षाच्या नफ्यावरचा पीई उलटं बोलतो. आपल्याला तर हे समजायलाच पाहिजे, एखाद्या साली पाऊस चांगला झाला आणि सोयाबीनला भावही लागला तर त्या एका सालाच्या उत्पन्नावर कुणी शेताची किंमत ठरवत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते साल धरूनही ठरवत नाही. चांगली-वाईट सालं मिळून सरासरी काय, ते बघतात.

अर्थशास्त्रातही हेच करतात. येल विद्यापीठाचे रॉबर्ट शिलर, ज्यांना २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी मागच्या १० वर्षांच्या नफ्याची महागाई वजा करून सरासरी काढली आणि भावाला तिनं भागायची पद्धत रूढ केली. २००९ मध्ये त्याची गरज चांगलीच दिसली. अमेरिकी बाजार कोसळला होता, पण बँकांच्या तोट्यानं एकूण नफा भावापेक्षाही जास्त आटला, त्यामुळं तिथल्या मुख्य निर्देशांकाचा साधा पीई १०० च्या वर दिसायला लागला. बाजार कित्येक वर्षांत नव्हता तेवढा पडलेला आणि आकडा म्हणायला लागला की जन्मात नव्हता एवढा महाग आहे.

अजून एक फसवणूक नफ्याच्या आतच लपलेली असते. रस्त्यात जमीन गेली आणि भूसंपादनाचा मोबदला मिळाला तर ते काही त्या सालाचं पीक नसतं, पुढच्या साली ते येणार नाही. कंपनीही जागा विकते, एखादा धंदा वेगळा काढते, आणि तो पैसा त्या वर्षाच्या नफ्यात मिसळला की ईपीएस फुगतो आणि पीई लगेच स्वस्त दिसतो. निकालाच्या कागदात ‘एक्सेप्शनल आयटम’ अशी एक ओळ असते, ती आधी वाचायची, मग भागाकार.

कर्ज पीईला दिसत नाही. सारखंच उत्पन्न असलेले दोन शेतकरी, एकाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, दुसऱ्याचा कोरा, तर दोघांच्या शेताला सारखा भाव कोण देईल? म्हणून पीईच्या शेजारी कर्ज बघायचंच. बँकांच्या बाबतीत जाणकार लोक पीईपेक्षा भाव आणि पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाऊन जे उरतं ते, ह्यांचं प्रमाण जास्त धरतात. आणि तुलना एकाच धंद्यात करायची, साबण-बिस्किटवाल्या कंपनीचा पीई बहुतेक वेळा खूप वर असतो आणि कोळसावाल्या कंपनीचा बराच खाली, त्यांना एकमेकीशेजारी ठेवून काही कळत नाही.

निफ्टी म्हणजे एनएसई ह्या शेअर बाजाराचा ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, त्याचा जुना तक्ता बघणारांसाठी एक सांगून ठेवतो. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचा पीई २८ च्या आसपास होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ११ च्या आसपास आला, हे आकडे लोक नेहमी दाखवतात. पण तेव्हा फक्त मूळ कंपनीचा नफा धरायचे, उपकंपन्यांचा नाही. मार्च २०२१ च्या शेवटी एनएसईनं उपकंपन्यांसकट एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि पीई एका रात्रीत ४० च्या आसपासहून ३३ च्या आसपास आला, बाजार काही तेवढा पडला नव्हता. म्हणून त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एका रेघेत लावायचा नाही.

पुतण्याला मी एकच काम सांगितलं, कुठल्याही शेअरचा आजचा पीई बघायच्या आधी वहीत मागच्या पाच वर्षांचा ईपीएस ओळीनं लिहून आण. परवा त्यानं एक ओळ आणली, ६, ७, ५, ८, २४. भाव १४४. ॲप म्हणायलंय पीई ६. पाच वर्षांची सरासरी काढली तर ईपीएस १० येतो आणि पीई होतो १४.४. त्यानं दोन्ही आकडे लिहिले, २४ ला पेनानं गोल केला आणि म्हणला, “काका, ह्या एका वर्षात असं काय झालं असंल?” मग जेवण बाजूला ठेवून त्या वर्षाचा निकाल डाउनलोड केला, दोनशे पानं आहेत, तो अजून शोधायलाय.