लाईट गेली की धोंडा पाखरातनं आरपार का जातो? गेममधल्या धडकेची पार्श्वभूमी

आमच्या भाच्यानं एक गेम बनवलाय. चिकोडीकडं शाळू भरला की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं राखायची, तेच त्यानं स्क्रीनवर आणलंय, पोरगं माळ्यावर उभं, माऊसनं गोफण फिरवायची, धोंडा लागला की पाखरू उडून जातं आणि एक गुण. परवा त्याचा फोन, "मामा, लाईट असली की बरोबर लागतोय, लाईट गेली की धोंडा पाखरातनं आरपार जातोय बघ." आधी मला वाटलं त्याला भास होतोय, पण जाऊन बसलो आणि पोरगं अगदी खरं बोलत होतं.

हे कळायला थोडं मागं जावं लागतं. कॉम्प्युटरला धडक म्हणजे काय ते कळतच नाही, त्याला फक्त एकामागनं एक चित्रं काढता येतात आणि प्रत्येक चित्राला "या दोन वस्तू आत्ता एकमेकीवर आहेत का" एवढंच विचारता येतं. हा प्रश्न विचारायचं काम कुणाकडं होतं ते काळाप्रमाणं बदलत गेलं.

१९७२ ला अटारी कंपनीचा पाँग आला, पडद्यावर फळीनं बॉल मारायचा टेबल टेनिससारखा खेळ, तो अ‍ॅलन अल्कॉर्ननं बनवला, त्यात प्रोसेसर नव्हता की प्रोग्राम नव्हता, सगळं सर्किटच. पडद्यावर रेषा ओढली जाताना बॉलचा सिग्नल आणि फळीचा सिग्नल एकाच क्षणी आले की सर्किट म्हणणार, टक्कर झाली. फळीचे आठ भाग केलेले, कुठल्या भागावर बॉल लागला त्यावरनं तो कुठल्या कोनात परत जायचा ते ठरायचं. मला हे आजही फार सुंदर वाटतं, कारण चित्र काढणं आणि टक्कर ओळखणं हे तिथं एकच काम होतं.

१९७७ च्या अटारी २६०० मध्ये, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात, हेच काम चिपमध्ये गेलं. मेमरी फक्त १२८ बाइट, प्रोग्रामला हिशोब करायला जागाच कुठाय, म्हणून चिपच सांगायची. दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक बॉल आणि मागचं मैदान अशा सहा वस्तू, त्यांच्या जोड्या होतात १५ आणि प्रत्येक जोडीला एक बिट, म्हणजे धडक झाली की नाही एवढंच सांगणारी एक खूण. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमध्ये आठ स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलवता येणारी छोटी चित्रं, होते, पण तिथली चिप फक्त कोण कोण धडकलं ते सांगायची, कुणाला कोण धडकलं ते नाही, आणि एकदा वाचलं की ती नोंद पुसली जायची. म्हणजे नवख्यानं तीच जागा दोनदा वाचली तर दुसऱ्यांदा शून्य, आणि बसा मग डोकं धरून! वाचलेलं आधी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत, ठेवायचं हा उपाय होता. पण या चिपा पिक्सेलवर, म्हणजे पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावर, बघायच्या, चित्राच्या रिकाम्या कोपऱ्यात धडक दाखवायच्या नाहीत, ही मोठी सोय होती.

१९८३ च्या फॅमिकॉमला, म्हणजे निन्टेन्डोच्या गेमच्या यंत्राला, ६४ स्प्राइट मिळाले, पण अशी जोड्यांची नोंद गेली, तेव्हा धडक ओळखायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आलं आणि त्यानं प्रत्येक वस्तूभोवती चौकोन कल्पिला. डावीकडनं, उजवीकडनं, वरनं, खालनं अशा चार तुलना केल्या की झालं. आज पायगेम, फेझर अशा गेम बनवायच्या साधनांमध्ये नवखा जे वापरतो ते हेच, आणि चुकाही त्यातल्याच. भाच्याच्या पाखराच्या चित्राला चारी बाजूंनी पारदर्शक जागा होती, म्हणून धोंडा शेपटीच्या लांबनं गेला तरी गुण मिळायचा. दुसरं म्हणजे धोंड्याचा एक्स-वाय मध्यावरनं मोजलेला आणि पाखराचा वरच्या डाव्या कोपऱ्यावरनं, त्यामुळं सगळंच थोडं सरकलेलं. चौकोन स्क्रीनवर लाल रंगात काढून बघ म्हटलं तर दोन मिनिटांत त्याचं त्यालाच दिसलं. असं काही बिघडलं की आधी चौकोन काढून बघावेत, कोड नंतर वाचावा.

आता लाईटचं. धोंडा ४ पिक्सेलचा, पाखरू १२ चं, वेग सेकंदाला १२०० पिक्सेल. लाईट असताना सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, तेव्हा धोंडा एका उडीत २० पिक्सेल जातो, आणि दोघांची रुंदी मिळून १६, तेव्हा पाचातला एखादा धोंडा तेव्हाही निसटत होताच, फक्त भाचा आपलाच नेम चुकला असं समजत होता. लाईट गेली की त्याचा सेकंडहँड लॅपटॉप बॅटरी वाचवायला फ्रेम ३० वर आणतो, उडी होते ४० ची, आणि मग पाचातले तीन आरपार. एका चित्रात धोंडा पाखराच्या अलीकडं, पुढच्या चित्रात पलीकडं, मधे तो कधी नव्हताच. चिपांच्या काळातही हेच व्हायचं, जे पडद्यावर काढलंच नाही ते चिपला तरी कुठनं दिसणार.

एरिन कॅटोनं २००६ ला दाखवलेल्या बॉक्स२डी मध्ये, म्हणजे गेममधल्या हालचाली आणि धडका सांभाळणाऱ्या तयार इंजिनमध्ये, पुढं अशा वेगवान वस्तूला "बुलेट" म्हणून खूण करायची सोय आली, मग इंजिन आधीची जागा आणि नंतरची जागा यांच्यामधला सगळा रस्ता तपासतं. आमच्या गेमला एवढं मोठं इंजिन घालायची गरज नव्हती. उडीचे तुकडे केले, कुठलाच तुकडा ८ पिक्सेलपेक्षा मोठा नको, म्हणजे २० च्या उडीला तीन तुकडे, ४० ला पाच, आणि प्रत्येक तुकड्याला तपासणी. तुकडे केल्यावर एकच धोंडा एकाच पाखराला दोन-तीनदा लागून गुण वाढायला लागले, मग लागल्या लागल्या धोंडा काढून टाकायचा आणि लूपमधनं, म्हणजे तुकड्यांच्या तपासणीतनं, बाहेर पडायचं अशी एक ओळ घातली.

संध्याकाळी लाईट गेली तशी त्यानं चार्जर काढून बाजूला ठेवला आणि बॅटरीवर खेळत बसला. आता त्याला पोपटांचा थवा आणायचाय, ५० पोपट आणि तीन धोंडे. सगळ्या जोड्या तपासल्या तर १३७८ होतात, पण पोपट पोपटाला धडकला तर आपल्याला काय करायचंय, फक्त धोंडा आणि पोपट बघ म्हटलं, १५० त भागतंय.