समचलनाचा आलेख

समचलनाचा आलेख : दोन राशींचे गुणोत्तर कायम राहत असेल, तर त्यांच्या जोड्यांचे बिंदू आरंभबिंदूतून (०, ०) जाणाऱ्या एकाच सरळ रेषेवर येतात. समीकरण य = क × क्ष असे असून क हा चलनाचा स्थिरांक होय. क्ष = १ असता य = क येते; एककामागचा दर तो हाच आणि रेषेचा चढही हाच. ४ किलो तांदळाला २२० रुपये पडत असतील, तर आरंभबिंदू व (४, २२०) यांना जोडणारी रेषा (१, ५५) मधून जाते. किलोचा भाव ५५ रुपये. अक्षांची अदलाबदल केल्यास चढ १/५५ होतो व रुपयाला किती किलो ते कळते.

आकडेमोडीची रीत आलेखापेक्षा फार जुनी आहे. प्रमाण (वरील उदाहरणात ४ किलो), फल (२२० रुपये) व इच्छा (हवे तितके किलो) यांवरून इच्छाफल (त्यांची किंमत) काढण्याचा त्रैराशिकाचा नियम आर्यभटीयात (४९९) आहे. बखशाली हस्तलिखित या भूर्जपत्रांवरील जुन्या गणिती ग्रंथातही त्रैराशिक आढळते. पण त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन-कालमापनात तीन भूर्जपत्रांचे काळ सु. तिसरे-चौथे, सातवे-आठवे व नववे-दहावे शतक असे वेगवेगळे निघाले. मजकुराची सलगता पाहता संपूर्ण हस्तलिखित एकाच काळात लिहिले गेले असावे, हे गणितेतिहासकारांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास यांतील सर्वांत जुना काळ मान्य करणे कठीण जाते.

ग्रीक परंपरेत दर मांडण्यातच अडचण होती. यूक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ (Elements) या ग्रंथाच्या पाचव्या खंडात गुणोत्तर सजातीय, म्हणजे एकाच प्रकारच्या, राशींमध्येच मानले आहे. त्यामुळे अंतर भागिले वेळ अशी राशी तेथे नाही. १६३८ मध्येही गॅलिलीओ एकसमान गतीचे सिद्धांत अंतराचे अंतराशी व वेळेचे वेळेशी गुणोत्तर घेऊनच मांडतो. समचलनाच्या आलेखाचे श्रेय काही वेळा फ्रेंच विद्वान निकोल ओरेम (चौदावे शतक) याला दिले जाते. मात्र त्याच्या आकृतीत उंची वेग दाखवते आणि अंतर क्षेत्रफळातून मिळते. त्यामुळे एकसमान गतीची आकृती आयत बनते, तिरपी रेषा नव्हे. समीकरण व रेषा यांची सांगड देकार्त (१६३७) व फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या कार्यानंतरची मानणे उचित.

व्यवहारात ही रेषा रेल्वेच्या नियंत्रण कक्षातील तक्त्यावर दिसते : आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्थानके. रेषा जितकी खडी, तितकी गाडी वेगवान. गाडी थांबली की रेषा आडवी होते.

प्रत्येक सरळ रेषा समचलन दाखवत नाही. रिक्षाच्या किमान भाड्यामुळे भाड्याची रेषा आरंभबिंदूतून निघत नाही, तर सेल्सिअस-फॅरनहाइटची रेषा (०, ३२) मधून जाते. येथे चढ स्थिर असला तरी य/क्ष बदलत राहते. अक्षावरील मापप्रमाण बदलले की तीच रेषा कमीअधिक खडी भासते, म्हणून दोन आलेखांतील दरांची तुलना अक्षांवरील आकडे वाचूनच करावी लागते.