साठ की आठ? कॉलच्या हेडसेटमागची गोष्ट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा एक मित्र टॉवेल विणतो. भाचीच्या लग्नात आहेराला टॉवेल हवे होते, म्हणून विचारलं तर शेडमधूनच म्हणाला, "साठ आहेत, घेऊन जा." मला ऐकू आलं, "आठ आहेत." मी चाटी गल्लीतून आणखी बावन्न आणले. ते अजून कपाटात आहेत.

त्याच्या कानात नवेकोरे वायरलेस इअरबड्स होते. नवी पेठेत घेताना दुकानदारानं गाणं लावून दाखवलं, "बास बघा की ओ!" बास, म्हणजे गाण्यातला खालचा घुमणारा आवाज, खरंच चांगला होता. पण तिथं उभं राहून कुणी कॉल लावून बघत नाही. बोलण्यासाठी जन्मलेली वस्तू आपण गाण्यावर पारखतो, आणि हे असं का झालं ते तिच्या इतिहासात सापडतं.

कानाला अडकवायचं हे यंत्र सुरुवातीला कामाचंच होतं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या नॅथॅनिएल बाल्डविननं बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलानं रेडिओसाठी घेतले. १९६१ मध्ये सुरू झालेल्या प्लँट्रॉनिक्सनं वैमानिकांसाठी हलका हेडसेट काढला. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगचे चंद्रावरचे शब्द पृथ्वीवर आले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. या हेडसेटांत तोंडाजवळ येणारी दांडी किंवा नळी असायची.

वायर गेली ती स्वीडनमध्ये. एरिक्सनच्या लुंड इथल्या केंद्रात याप हार्टसेन १९९४ पासून जवळच्या अंतराच्या रेडिओवर काम करत होता. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाचं टोपणनाव ब्लूटूथ, तेच या तंत्राला मिळालं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्या, आणि एकीवरून दुसरीवर सेकंदाला १६०० उड्या. मागाच्या धोट्यालाही लाजवेल अशी ही धावपळ! एरिक्सनचा पहिला हेडसेट २००० च्या सुमारास बाजारात आला, तो एका कानाचा, फक्त कॉलसाठी. आपल्याकडे तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि हातातलं काम न सोडता बोलत राहायची सवय खऱ्या अर्थानं लागली.

घोळ पुढे झाला. गाण्यासाठी ब्लूटूथमध्ये वेगळी वाट काढली गेली, रुंद आणि एकाच दिशेची. कॉलची वाट जुनीच राहिली, कारण तिथं आवाज जायलाही हवा आणि यायलाही. शिवाय ती जुन्या टेलिफोनच्या मापाची, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. 'स'चा सळसळणारा भाग बराचसा याच्या वर असतो. तो कापला गेला, उरलेल्यावर मागांचा खडखडाट बसला, की 'साठ'चा 'आठ' व्हायला कितीसा वेळ लागतो?

२०११ मध्ये कॉलची वाट दुप्पट रुंद करणारी सुधारणा आली, पण हेडसेट, दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क या सगळ्यांनी साथ दिली तरच तिचा उपयोग. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओमुळे व्होल्टी, म्हणजे फोर-जी नेटवर्कवरूनच होणारा कॉल, घरोघरी पोचलं, तेव्हा अनेकांना हा फरक पहिल्यांदा जाणवला. त्याच वर्षी ॲपलनं आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं आणि दांडी नसलेल्या बड्सची लाट आली.

आणि माइक तोंडापासून लांब गेला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच. ओठांपासून दोन सेंटीमीटरवरचा माइक कानाशी, बारा सेंटीमीटरवर नेला, की बोलण्याच्या आवाजाचा दाब साधारण सहाव्या हिश्शावर येतो. मागांचा आवाज मात्र दोन्ही जागी तेवढाच. दोन-तीन माइक लावून तोंडाच्या दिशेचा आवाज निवडायची युक्ती रस्त्यावर बऱ्यापैकी चालते, पण शेडमध्ये खडखडाट चहूबाजूंनी येतो आणि पत्र्यावरून परत फिरतो. खोक्यावरचं 'एएनसी' वाचून फसू नका. त्यानं तुमच्या कानातला गोंगाट कमी होतो, समोरच्याच्या नाही. समोरच्यासाठी 'ईएनसी' लिहिलेलं असतं, आणि तेही प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं लिहिते.

मित्रानं शेवटी दांडीचा हेडसेट घेतला, ट्रकवाले घालतात तसला. बास नाही म्हणून मुलानं नाक मुरडलं. परवा शेडमधून फोन करून मला म्हणाला, "लिहून घे: साठ, आठ, हात, सात." चारपैकी तीन बरोबर आले. 'हात'च्या जागी मी पुन्हा 'आठ' लिहिलं होतं.