तलावाचे पाणी, क्लोरीन आणि १९७४ चा शोध

अमेरिकेतल्या जर्सी सिटीला बूंटन जलाशयातून पाणी जात असे. २६ सप्टेंबर १९०८ पासून डॉ. जॉन लील यांनी त्या पाण्यात क्लोरीनचे द्रावण नियमित मिसळायला सुरुवात केली. पिण्याच्या पाण्यात असले रसायन घालणे तेव्हा भयंकर वाटे; लील यांना कोर्टात उभे राहून त्याचे समर्थन करावे लागले. मग शहरामागून शहरांत टायफॉइड ओसरत गेला. जंतू मारता मारता क्लोरीन पाण्यात आणखी काय तयार करतो, हे पाहायची गरज बराच काळ फारशी कुणाला वाटली नाही.

ती वाटली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांना. बिअरचा वास तपासण्यासाठी बंद बाटलीत द्रवावर साचलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात, सोडतात. रूक यांनी हीच युक्ती पाण्यावर वापरली आणि क्लोरोफॉर्म सापडला. कच्च्या पाण्यात तो नव्हता, क्लोरीन घातल्यावर तयार होत होता. कुजलेल्या वनस्पतींतून पाण्यात उतरणारी ह्यूमिक द्रव्ये आणि क्लोरीन यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन (क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे) बनतात, हे त्यांनी १९७४ मध्ये मांडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे तेच नोंदवले. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्मच्या मोठ्या मात्रेने उंदरांना कर्करोग झाल्याचे निष्कर्ष आले आणि १९७९ मध्ये अमेरिकेने सगळ्या ट्रायहॅलोमिथेनना मिळून लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. पुढे ती ८० झाली.

तलावांना हा त्रास विहिरींपेक्षा सहसा जास्त. पालापाचोळा, शेवाळ, पावसाने वाहून आणलेली माती हे सगळे उघड्या पाण्यात मुरते. त्यात पाणी कोमट असले, क्लोरीनची मात्रा वाढवली किंवा पाणी नळात फार वेळ राहिले, की ट्रायहॅलोमिथेन वाढतात.

क्लोरीन बंद करणे हा उपाय नव्हताच, आणि हे ठासून सांगायला हवे, कारण जंतूंचा धोका आजचा असतो, तर या द्रव्यांचा वर्षानुवर्षांचा. खरा उपाय क्लोरीनच्या आधीचा आहे: तुरटीने गाळ बसवून, पाणी गाळून सेंद्रिय द्रव्य जमेल तेवढे काढायचे आणि मगच क्लोरीन घालायचा. अनेक शहरांनी क्लोरीन घालायची जागाच पुढे, शुद्धीकरणाच्या नंतरच्या टप्प्यावर, सरकवली.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठीच्या २०१२ च्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. पाण्यात उरलेला क्लोरीन मात्र किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे तेच मानक सांगते. गावातल्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकण्याआधी पाणी किती स्वच्छ गाळले आहे, ही चौकशी म्हणूनच ग्रामसभेत व्हायला हवी.