परदेशातल्या मिशन ट्रिपला निघण्यापूर्वी

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून दहा-पंधरा दिवसांच्या सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या गटांसाठी हे माहितीपत्रक आहे. उदाहरणं मुख्यतः केनियाची आहेत, थोडी नेपाळची. पाळकसाहेब, तरुण संघ आणि महिला मंडळ यांनी ते एकत्र बसून वाचावं आणि तयारीला किमान चार महिने द्यावेत.

आधी पत्र, मग तिकीट

स्वस्त तिकीट दिसलं की गट आधी तेच काढून मोकळा होतो, आणि नंतर कळतं की त्या आठवड्यात तिथल्या शाळेला सुट्टी आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे यजमान मंडळीकडून लेखी पत्र मागवणं. त्यात गाव, तारखा, राहण्याची जागा, संपर्काचा माणूस, किती जण हवेत आणि काय काम हवं, एवढं स्पष्ट असावं.

कामाची निवड त्यांनीच करावी. गवंडी केनियातही मिळतात. इथून बारा जणांनी विमानाने जाऊन एक भिंत बांधायची, तर तिकिटांच्या पैशात तिथल्या गवंड्यांना कितीतरी दिवसांचं काम मिळालं असतं. आपल्याकडे जे खरोखर आहे ते न्या: ठिबकच्या नळ्या जोडून दाखवणारा शेतकरी, पंप उघडून दुरुस्त करणारा, शिवण शिकवणारी बाई, संडे स्कूलच्या शिक्षकांना तयार करणारी शिक्षिका. शिकवलेलं तिथे मागे राहतं. मुलांच्या व्हीबीएसमध्येही (सुट्टीतल्या बायबल शाळेतही) मुलांसमोर तिथले शिक्षक उभे राहू द्या, तुम्ही त्यांच्या मदतीला.

पासपोर्टवरचं नाव

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. मंडळीत सगळे डेव्हिड म्हणतात, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरही डेव्हिड, पण दहावीच्या सनदेवर दादाराव. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. तिकीट, लसीचं कार्ड, विमा आणि यजमानांचं पत्र या चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने यायला हवं. नुसतं नाव आणि आडनावाची जागा रिकामी असा पासपोर्ट असेल, तर दुबईमार्गे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. एकेरी नावावर अमिरातीचे नियम २०२२ पासून कडक झाले आहेत.

परतीच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. नव्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,०००. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. त्यांना काही देशांत नोकरीला जाताना वेगळी मंजुरी लागते, अशा छोट्या भेटीला नाही. तरी परतीचं तिकीट आणि यजमानांचं पत्र हातात ठेवा, विमानतळावर चौकशी होते. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांनी परदेशी जाण्याची खात्याची परवानगी रजेच्या अर्जासोबतच मागावी. ती कधी येईल याचा भरवसा नसतो.

अर्जात खरं तेच लिहा

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली आहे. ती प्रवाशाला देशात येऊ देते. धर्मकार्य किंवा सेवाभावी काम करायचं असेल तर तिथल्या इमिग्रेशन खात्याचा परवाना वेगळा: लांब मुदतीला क्लास आय, थोड्या दिवसांना स्पेशल पास. त्याचा अर्ज यजमान मंडळी तिथूनच करते, आणि त्यासाठी तिला वेळ लागतो. 'फिरायला आलोय' असं लिहायचं आणि बॅगेत धर्मप्रचाराच्या शंभर पत्रिका न्यायच्या, असं करू नका. पकडले गेलात तर तुम्ही परत याल, त्रास मात्र यजमान पाळकांना होईल.

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून सगळं सोपं वाटतं. पण ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. तिथे मंडळीच्या आत सहभाग घ्या, शिकवा, मदत करा. रस्त्यावर पत्रिका वाटू नका.

पिवळा ताप आणि हिवताप

केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यातली धावपळ उपयोगाची नाही. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. वेळ आधी ठरवा आणि मूळ पासपोर्ट सोबत न्या. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जपून ठेवा. गरोदर महिला, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि साठीपुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे हिवतापाचा धोका कमी, पण किसुमू आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला भरपूर. हिवताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायचं. गोळी डॉक्टरांनी ठरवायची.

बॅग

केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंडही मोठा. आपल्याकडे चपला एका कॅरीबॅगमध्ये, चटणी दुसरीत, ओले कपडे तिसरीत अशी बॅग भरायची सवय असते. त्याऐवजी जुन्या साडीच्या किंवा मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या, महिला मंडळात एका दुपारचं काम आहे. दुबईमार्गे जाणार असाल तर घरचा काळा मसाला नीट तपासा: खसखस अमिरातीत अंमली पदार्थांच्या नियमाखाली बंद आहे आणि ती मसाल्यात असते हे पुष्कळदा लक्षातच राहत नाही.

औषधांची खोकी नेऊ नका. ती तिथल्या परवानगीशिवाय अडवली जातात, मुदत संपलेली तर हमखास. पैसे न्या आणि यजमानांच्या डॉक्टरांच्या यादीप्रमाणे तिथेच खरेदी करा. स्वतःची रोजची औषधं मात्र चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत.

पैसा आणि विमा

ट्रस्टच्या खात्यातून परदेशात खर्च करण्याआधी मंडळीच्या सीएंना विचारा. ट्रस्टला मिळणारी प्राप्तिकराची सवलत मुख्यतः भारतात खर्च झालेल्या रकमेला असते. शक्यतो प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खात्यातून करावा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या घ्या, फाटक्या-डागाळलेल्या तिथे कोणी घेत नाही.

विम्याच्या कागदात 'शारीरिक श्रमाचं काम' वगळलं आहे का ते बघा. असेल, तर पत्रे ठोकताना शिडीवरून पडलेल्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रवास

नांदेड, परभणी, जालना किंवा संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसने निघून त्याच दिवशीचं विमान पकडायचा बेत नको. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी थांबली की सगळा गट अडकतो. मुंबईत एक मुक्काम धरा.

केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. उपासनेत 'ब्वाना असिफिवे' म्हणाले की 'आमेन' म्हणा, आपल्या 'प्रभूची स्तुती असो'सारखंच आहे ते. संदेशाला दुभाषी असेल तर वीस मिनिटांचा मजकूर दहा मिनिटांचा करून न्या. मुलांचे फोटो पालकांना आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय काढू नका, फेसबुकवर तर मुळीच टाकू नका.

परतल्यावर काही महिने केव्हाही ताप आला, तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी पडून राहू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि केनियाहून आलो आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.