रानडुकरातील ट्रिकिनेला संसर्ग

ट्रिकिनेला वंशातील सूत्रकृमींचा रानडुकराला (सुस स्क्रोफा) होणारा आणि त्याचे कच्चे वा अर्धेकच्चे मांस खाणाऱ्या माणसाला जडणारा संसर्ग. माणसातील रोगास ट्रिकिनोसिस म्हणतात. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीशी (टीनिया सोलियम) त्याची गल्लत होते, पण दोन्ही रोग वेगळे आहेत.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. फेब्रुवारी १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जेम्स पॅजेट याला एका शवाच्या स्नायूंत पांढुरके ठिपके दिसले. असे ठिपके आधीही आढळत. त्यांच्या खरखरीतपणामुळे शस्त्राची धार जाई, आणि हाडाचे कण म्हणून ते सोडून दिले जात. पॅजेटने भिंगाखाली पाहिले तेव्हा आत वेटोळे घातलेला कृमी निघाला. सूक्ष्मदर्शक हाताशी नसल्याने तो ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला. त्याच शवाचे नमुने शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनकडेही पोहोचले होते. ओवेनने त्याच महिन्यात शास्त्रीय वर्णन करून ट्रिकिना स्पायरॅलिस हे नाव दिले व पॅजेट बराच काळ मागे पडला. लंडनमधील शल्यविशारद जॉन हिल्टनला असे ठिपके १८३३ च्या सुमारास दिसले होते, मात्र त्यातील प्राण्याची ओळख त्याला पटली नसावी. पाहिला पॅजेटने, नाव दिले ओवेनने, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते. ट्रिकिना हे नाव एका माशीच्या वंशाला आधीच दिलेले असल्याने पुढे राये या फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञाने ट्रिकिनेला हे रूप रूढ केले.

हा कृमी निरुपद्रवी नाही हे जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १८६० मध्ये कळले. विषमज्वर समजून उपचार झालेल्या एका मोलकरणीच्या शवात रोगनिदानशास्त्रज्ञ फ्रीड्रिख झेंकर यांना स्नायूंत डिंभ (कृमीची अपक्व पिले) व आतड्यात प्रौढ कृमी सापडले. तिच्या मालकाच्या घरच्या हॅम-सॉसेजमध्येही तेच डिंभ होते. जर्मनीतील हेडर्सलेबेन येथील १८६५ च्या साथीत शंभराच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर जर्मन राज्यांत मांसाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी पसरली.

रानडुक्कर मुळे-कंद उकरते तसेच मेलेली जनावरेही खाते. उंदीर, कोल्हा किंवा शिकाऱ्यांनी रानात टाकलेले आतडे-कातडे यांतून कृमी त्याच्यात शिरतो. वरकरणी जनावर धडधाकट असते, त्यामुळे शिकाऱ्याला शंका येत नाही. डिंभ मध्यपटल (छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा), जीभ व पुढच्या पायाच्या स्नायूंत अधिक साठतात. यूरोपात मुख्यतः ट्रि. स्पायरॅलिस व ट्रि. ब्रिटोव्ही आढळतात. ट्रि. स्यूडोस्पायरॅलिस ही जाती स्वतःभोवती पुटी (आवरण) बनवत नाही. काचांत मांस दाबून पाहण्याच्या जुन्या रीतीत तो निसटतो. म्हणून यूरोपीय संघाच्या नियमांत पाचन पद्धत आहे : रानडुकराचे किमान ५ ग्रॅम मांस वाटून पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे ४५° से.ला घुसळतात, गाळतात आणि तळाशी बसलेल्या साक्यात डिंभ शोधतात. पोटात जे घडते तेच इथे पेल्यात घडते.

माणसाच्या आतड्यात डिंभ एक-दोन दिवसांत प्रौढ होतात. मादी जिवंत पिले घालते व ती रक्तावाटे स्नायूंत जातात. आधी जुलाब-मळमळ, मग ताप, पापण्यांना सूज, अंगदुखी आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढणे हा क्रम. मृत्यू बहुधा हृदयस्नायूच्या वा मेंदूच्या दाहाने येतो. अल्बेंडाझोल हे कृमिनाशक औषध आतड्यातील टप्प्यावर लवकर दिल्यास अधिक उपयोगी.

भारतातील नोंदी तुरळक आहेत. उत्तराखंडातील टिहरी गढवालमध्ये मेजवानीत रानडुकराचे नीट न शिजलेले मांस खाल्ल्यावर साथ आली व काही जण दगावले. पारधीचे वाटे घरोघर जातात, त्यामुळे एकाच जनावराने बरेच जण आजारी पडतात.

मांस आतपर्यंत ७१° से. तापले की डिंभ मरतात. खारवणे, वाळवणे, धुरी देणे यांवर भरवसा ठेवता येत नाही. पाळीव डुकराच्या मांसासाठी सांगितलेले गोठवणे (−१५° से., २० दिवस) रानडुकराला पुरेसे मानत नाहीत, कारण ट्रि. ब्रिटोव्ही थंडी काही प्रमाणात सोसतो.