आविष्कार (आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव)

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे संशोधन चारचौघांसमोर मांडण्याची, तपासून घेण्याची आणि गौरवण्याची वार्षिक स्पर्धा. राज्यपाल हे राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असतात. कुलपतींच्या पुढाकाराने २००६ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. खेळांसाठी ‘अश्वमेध’, कलांसाठी ‘इंद्रधनुष्य’ आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी ‘आव्हान’ ही तिची भावंडे.

नावाबद्दल थोडे. हिंदीत ‘आविष्कार’ म्हणजे नवा शोध, यंत्र वगैरे. मराठीत मात्र आतले बाहेर दिसणे, प्रकट होणे. म्हणून आपण ‘कलाविष्कार’ म्हणतो. संस्कृत ‘आविस्’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. स्पर्धेला नाव देणाऱ्यांच्या मनात कोणता अर्थ होता कोण जाणे, पण पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता मराठी अर्थच जास्त जुळतो. या वयात जगाला नवा ठरेल असा शोध क्वचितच लागतो. केलेले काम उघड्यावर आणणे, ही मात्र त्यांच्यासाठी खरोखर नवी गोष्ट असते. एरवी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरे, तोंडी परीक्षेपुरती उघडलेली दोन पाने आणि मग विभागाचे कपाट.

स्पर्धा पायरीपायरीने वर जाते: महाविद्यालय, जिल्हा किंवा विभाग, विद्यापीठ आणि शेवटी राज्य. राज्य पातळीचे यजमानपद दरवर्षी वेगळ्या विद्यापीठाकडे असते. विषयांचे सहा गट आहेत: मानव्यविद्या, भाषा व ललितकला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; मूलभूत विज्ञान; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण. प्रत्येक गटात पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील संशोधक अशा पातळ्या वेगळ्या ठेवतात, त्यामुळे एस.वाय.च्या मुलीची गाठ पीएच.डी. करणाऱ्याशी पडत नाही. पारंपरिक विद्यापीठांबरोबर राहुरी, अकोला, परभणी व दापोलीची कृषी विद्यापीठे, नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठही उतरतात. सर्वसाधारण विजेतेपदाचा फिरता चषक मुंबई विद्यापीठाने अनेकदा नेला आहे. या विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत असल्याने तिथे विभागीय फेरी ही नुसती औपचारिकता उरत नाही.

स्पर्धेचा खरा कस पोस्टर फेरीत लागतो. सभागृहात रांगेने पॅनेल लावलेले, त्यावर मीटरभर लांबीरुंदीचे फ्लेक्स, आणि प्रत्येकाशेजारी ब्लेझर घातलेला, आयकार्ड लटकवलेला स्पर्धक. समजा, विषय आहे गावच्या ओढ्याच्या पाण्याची तपासणी. पाठ केलेले प्रास्ताविक परीक्षक दुसऱ्याच वाक्याला तोडतात आणि तक्त्यावर बोट ठेवतात: नमुने किती ठिकाणचे घेतले? पावसाआधी की नंतर? तुलनेला साखर कारखान्याच्या वरच्या अंगाचे पाणी घेतले का? ज्याने स्वतः बाटल्या भरून आणल्या तो इथे अडखळत का होईना, बोलू लागतो. ‘तिसऱ्या ठिकाणी काठावर उतरताच येत नव्हते, म्हणून पुलावरून दोरीने बाटली सोडली’ असे सांगतो. ज्याचे पोस्टर मार्गदर्शकांनीच लिहिलेले असते तो फ्लेक्स वाचून दाखवतो. परीक्षकाला फरक कळायला दोन मिनिटे पुरतात. या फेरीतून निवडलेले स्पर्धक पुढे व्यासपीठावर सादरीकरण करतात. तिथे वेळ मोजून, पडद्यावरच्या स्लाइडसह बोलावे लागते आणि प्रश्न सगळ्यांदेखत झेलावे लागतात.

उणिवाही आहेत. चालणारे मॉडेल टेबलावर ठेवता आले की आधीच निम्मी बाजी मारल्यासारखे वाटते. बोलीभाषेतील शब्दसंग्रह किंवा लोकगीतांचे संकलन करणाऱ्याकडे टेबलावर ठेवायला वहीशिवाय काही नसते. विषयगट वेगळे असले तरी ‘समाजाला याचा उपयोग काय?’ हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारला जातो, आणि व्याकरणावर काम करणारा त्याला काय उत्तर देणार? काही महाविद्यालये ऐन हंगामात विषय शोधतात आणि महिनाभरात सर्वेक्षण उरकून टाकतात: गूगल फॉर्मवर शंभर मित्रांची उत्तरे आणि त्यांचे रंगीत वर्तुळालेख. अशा कामाला पदक मिळाले तर दोष विद्यार्थ्यापेक्षा निवड करणाऱ्यांचा अधिक.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात घेण्याची कल्पना अर्थात इथली नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना उभारली. पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची तिथली राष्ट्रीय परिषद १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ॲशव्हिल परिसरात पहिल्यांदा भरली. त्या परिषदेचा ढाचा संमेलनाचा आहे, तर आपल्याकडे विद्यापीठांचे संघ, चषक आणि क्रमांक असतात. युवक महोत्सवाचा साचा संशोधनाला लावला गेला आहे. त्यामुळे ढोलताशासह जल्लोष होतो, आणि हरलेल्या पोस्टरवर परीक्षकांनी काय म्हटले ते मात्र बहुधा हवेत विरते. भारतीय विद्यापीठ संघाची ‘अन्वेषण’ ही देशपातळीवरील स्पर्धाही याच घाटाची आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीतच संशोधनाला अधिकृत जागा मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) संशोधन प्रकल्प असतो. पॅनेलशेजारी उभ्या असलेल्याला परीक्षक नमुने किती घेतले ते विचारतात, टक्केवारी विचारत नाहीत. ओढ्यावर जाऊन बाटल्या भरणारा ६० टक्केवाला विद्यार्थी त्यामुळे या स्पर्धेत शिरू शकतो. चौथ्या वर्षाच्या त्या वर्गात त्याला जागा नाही.